आधी तीन चमचे, मग शंभरपर्यंत

पाहुणे आले की आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम व्हायचा. "म्हणून दाखव गं मावशीला," एवढं म्हणायचा अवकाश, लेक एका दमात एक ते वीस म्हणून मोकळी व्हायची. तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती आणि मी अर्थातच फुशारलेली. एके दिवशी जेवायच्या वेळी तिला म्हटलं, "आतून तीन चमचे आण." ती मूठभर चमचे घेऊन आली. "एवढे नकोत, तीनच आण." तिने ते परत नेले आणि पुन्हा मूठभर आणले. या खेपेला त्यात झाराही होता.

तिला वीसपर्यंत येत होतं ते बडबडगीत येतं तसं. शब्दांची माळ पाठ होती, आणि 'तीन' हा त्या माळेतला 'दोन'नंतरचा मणी होता, इतकंच. तीन म्हणजे एवढे, हे कळायचं अजून बाकी होतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये मुलाचं वर्ष-दीड वर्ष सहज जातं. घरात खेळता खेळता जे करायचं ते मुख्यतः याच काळात. पुढचं सगळं दीड ते साडेपाच वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या ताईही त्यात आल्या. वही-पेन्सिल कुठेच लागणार नाही.

आधी हे समजून घ्या

आपल्याला मोजणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात किती गोष्टी दडल्यात ते दिसत नाही. रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्या पाच तत्त्वांत मांडल्या. साध्या भाषेत सांगायचं तर: प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा, कुणाला वगळायचं नाही आणि कुणाला दोनदा घ्यायचं नाही. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच. शेवटी जो आकडा आला तो म्हणजे 'एकूण किती'. मोजता काहीही येतं, लिंबं येतात तशा उड्याही येतात आणि कुकरच्या शिट्ट्याही. आणि सुरुवात कुठल्याही टोकाने केली तरी उत्तर बदलत नाही.

यातली तिसरी गोष्ट बरीच उशिरा उमगते. ओट्यावर पाच लिंबं ठेवा आणि मुलाला मोजायला सांगा. "एक, दोन, तीन, चार, पाच." छान. आता विचारा, "मग किती लिंबं आहेत?" बरीच मुलं पुन्हा "एक, दोन..." सुरू करतात. त्यांच्या लेखी 'किती?' म्हणजे 'म्हणून दाखव'. आपणच तर तसं शिकवलेलं असतं!

काय काय लागेल

पालेभाजी आणतो ती पिशवी, पोळपाट, वाट्या, धुतलेले मोजे, शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा, खडू. विकत घ्यायचंच असेल तर लाकडी ठोकळे घ्या, ते वर्षानुवर्षं पुरतात. महागड्या 'शैक्षणिक' संचांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाडी चालवली, ती आजूबाजूला मिळणारे दगड, बिया, पानं, शिंपले यांच्या बळावर. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ त्याच कामात आहे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चणे, शेंगदाणे, मटार, चिंचोके, मणी, छोटी बटणं देऊ नका. तोंडात जाईल असं काहीच नको. बोलक्या खेळण्यांमधले बटणासारखे चपटे सेल तर फारच घातक; त्या झाकणाला स्क्रू आहे ना, ते पाहा. तीन वर्षांनंतरही मोठं माणूस शेजारी हवं. आमच्याकडे 'हरभरे मोजू या' या खेळातला एक हरभरा नाकात गेला होता आणि उरलेली संध्याकाळ दवाखान्यात गेली. लहानांसाठी बटाटे, लिंबं, वाट्या, बरण्यांची मोठी झाकणं उत्तम.

पहिली पायरी: आकडा वस्तूला चिकटवून बोला (दीड वर्षापासून)

यात मुलाने काहीच करायचं नाही, फक्त तुम्ही बोलायचं. चपला घालताना: "एक, दोन. दोन चपला." जिना उतरताना, बटाटे पिशवीतून काढताना, शर्टाची बटणं लावताना. आधी वस्तूवर बोट ठेवत मोजा, मग क्षणभर थांबा आणि सगळ्यांभोवती हात फिरवून एकूण सांगा: "तीन बटाटे!" हा हात फिरवणं विसरू नका, सगळी मेख त्यातच आहे.

शिकागो विद्यापीठातल्या सुझन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या घरी जाऊन आईबाप मुलांशी काय बोलतात ते नोंदवलं होतं. ज्यांच्या घरी संख्यांचे शब्द जास्त कानावर पडत होते, त्या मुलांना चौथ्या वाढदिवसाच्या आसपास संख्यांचा अर्थ जास्त चांगला कळत होता. त्यातही समोर दिसणाऱ्या वस्तू मोजणं विशेष उपयोगी ठरलं.

आपली भाषा इथे फार मदत करते. एक वाटी, दोन वाट्या. एक चमचा, दोन चमचे. एकाहून जास्त झालं की बरेचदा शब्दच रूप बदलतो. माणसांसाठी तर मराठीने वेगळे शब्दच राखून ठेवलेत. "आपण दोघं जाऊ", "तिघं जेवायला बसा", "चौघांना पुरेल का?" शिवाय "दोन्ही हात धुवा" आणि "चारही कोपरे पूस". हे शब्द सहज वापरत राहा. हल्ली 'तीन लोक आले' असं ऐकू येतं. तिघं आले म्हटलं तर काय बिघडतं?

दुसरी पायरी: एकास एक (दोन वर्षांच्या आसपास)

पानं मांडण्याचं काम मुलाला द्या. आजीला एक वाटी, बाबाला एक, ताईला एक, मला एक. इथे मोजायचंच नाही. प्रत्येकाला एक मिळाली की झालं. कुणाची राहिली तर ते माणूस तक्रार करेलच: "माझी वाटी कुठंय?" चूक दाखवायला तुम्ही लागत नाही, हा या खेळाचा मोठा गुण.

धुतलेल्या कपड्यांचा ढीग हा असाच खजिना आहे. मोज्यांच्या जोड्या लावणं, बाबांचे रुमाल एकीकडे आणि तुझे एकीकडे, लहान-मोठे वेगळे करणं. वर्गीकरण हे गणिताचं मूळ काम, आणि घरातलं एक काम हलकं होतं ते निराळंच. (हलकं होतं असं म्हणायचं. वेळ दुप्पट लागतो.)

स्टीलच्या वाट्या किंवा डबे एकात एक बसवणं आणि त्यांची उतरंड रचणं हेही याच वयाचं. मोठा खाली, लहान वर, नाहीतर कोसळते. आंघोळीच्या वेळी तांब्या आणि पेला द्या: किती पेले ओतले की तांब्या भरतो? उत्तर महत्त्वाचं नाही. भरला, सांडला, रिकामा, अर्धा, अजून थोडा, हे शब्द पाण्यासोबत कानावर पडावेत. बादलीजवळून मात्र क्षणभरही हलू नका.

तिसरी पायरी: 'मला दोन दे' (अडीच ते चार)

माझ्या लेखी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच घरोघरी सुटते, कारण ती पाहुण्यांना दाखवण्यासारखी नाही.

एका टोपलीत सात-आठ लिंबं ठेवा. एक बाहुली किंवा अस्वल घ्या. "अस्वलाला एक लिंबू दे." जमलं? "आता दोन दे." इथे मूल मूठभर देईल तर समजायचं की त्याला सध्या 'एक' पक्का आहे आणि बाकी सगळं म्हणजे 'पुष्कळ'. मग पुढचे काही आठवडे तुमचा आकडा दोन. दोन पोळ्या, दोन पाय, दोन बिस्किटं. घाईने तीनवर जायचं नाही.

मुलं ही शिडी अक्षरशः एकेक पायरी चढतात. एक कळल्यावर दोन कळायला महिने लागू शकतात, दोननंतर तीनला पुन्हा तसंच. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास हे बारकाईने तपासलं. साडेतीन वर्षांच्या आगेमागे केव्हातरी मुलाच्या डोक्यात दिवा लागतो, आणि मग ते पाच मागितले तर पाच मोजून देतं. तीन-चारनंतर प्रत्येक आकड्यासाठी वेगळी झटापट करावी लागत नाही. कुणाचा दिवा तीन वर्षांनीच लागतो, कुणाचा साडेचारला. शेजारच्या मुलाशी तुलना करायची उबळ आली तर आवरा.

चुकलं तर "चूक!" म्हणू नका. "चल, अस्वलासोबत मोजू" म्हणत लिंबं एकेक बाजूला सरकवत मोजा. मुलं जागच्या जागी मोजतात तेव्हा हमखास घोळ होतो, एकच लिंबू दोनदा येतं. मोजलेलं इकडे, राहिलेलं तिकडे, ही सवय एकदा लावली की अर्धे गोंधळ संपतात.

इथे जमायला लागलं की पालथ्या वाटीचा खेळ काढा. मुलादेखत दोन लिंबं ठेवून वरून मोठा वाडगा पालथा घालायचा. मग बाजूने आणखी एक आत सरकवायचं. "आत किती?" तोंडाने उत्तर मागण्यापेक्षा "तुझ्या लिंबांतून आतल्याइतकी काढून ठेव" म्हणा. मग वाडगा उचला. पाहुणा उठून जावा तसं एक बाहेर काढून उलटाही खेळा. ही बेरीज-वजाबाकीच आहे, पण ते शब्द उच्चारायचं काही कारण नाही.

न मोजता ओळखणं

फाशावर चार ठिपके दिसले की आपण मोजत नाही, 'चार' दिसतात. हे लहान आकड्यांपुरतं मुलांनाही जमतं आणि खेळाने वाढतं. बोटं पाठीमागे लपवा, झटकन तीन दाखवा, लगेच मूठ. "किती?" दर वेळी तीच तीन बोटं नकोत, कधी अंगठा धरून, कधी दोन्ही हात मिळून. मग मुलाने दाखवायचं आणि तुम्ही ओळखायचं. तुम्ही अधूनमधून चुका. तुमची चूक पकडताना मुलाला जो आनंद होतो त्याला तोड नाही. रिक्षात, डॉक्टरकडच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही चालतो हा खेळ.

चौथी पायरी: दहा घरांची पट्टी (साडेतीन-चारपासून)

सापशिडी सगळ्यांच्या घरी असते, पण चार वर्षांच्या मुलासाठी ती फार मोठी. शंभर घरं, दर ओळीला उलटी फिरणारी वाट, त्यात ९८ वरचा साप. रडारडच जास्त होते.

त्याऐवजी पुठ्ठ्यावर दहा सारखी घरं एका सरळ रेषेत आखा. डावीकडून उजवीकडे १ ते १०. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर त्या लिपीतले अंक घाला, खेळाला फरक पडत नाही. फाशाऐवजी लाकडी ठोकळ्याच्या तीन बाजूंवर एक ठिपका, तीन बाजूंवर दोन ठिपके. सोंगटी म्हणून झाकणं. आता एकच नियम, पण तो महत्त्वाचा: सोंगटी हलवताना 'एक, दोन' म्हणायचं नाही, घराचा आकडा म्हणायचा. पाचव्या घरावर आहे आणि दोन पडले तर "सहा, सात".

गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर अगदी असाच खेळ करून पाहिला. दोन आठवड्यांत मिळून साधारण तासभर खेळल्यावर मुलांना संख्या ओळखणं, लहान-मोठी संख्या सांगणं, रेषेवर संख्येची जागा दाखवणं जास्त चांगलं जमू लागलं, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी तो फायदा टिकून होता. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांमध्ये तसा फरक पडला नाही. सरळ पट्टीवर पुढं जाताना हात जास्त लांब जातो, वेळ जास्त लागतो, आकडे जास्त म्हटले जातात. मोठी संख्या 'मोठी' का, हे अंगालाच कळतं.

हीच पट्टी गच्चीवर किंवा अंगणात खडूने मोठी काढली की मूल स्वतःच सोंगटी. ठिकरी येत नसली तरी उड्या येतात.

आकार, नक्षी आणि चतकोर

आकड्यांच्या नादात हा भाग मागे पडतो, आणि मला विचाराल तर मराठी स्वयंपाकघर इथे शाळेच्या पुढे आहे. घडीची पोळी लाटताना मुलाला शेजारी उभं करा. गोल लाटी, दुमडली की अर्धा गोल, पुन्हा दुमडली की तिकोनी घडी. शंकरपाळ्याचे तिरके चौकोन, करंजीचा अर्धचंद्र. मोदकाच्या कळ्या मोजायला लावा, दर मोदकाला वेगळा आकडा निघतो आणि मोदक वळणारीची फजिती होते.

पुस्तकांतला त्रिकोण कायम पायावर नीट बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. म्हणून लांबट किंवा टोकावर उभा त्रिकोण दिसला की मुलं म्हणतात हा नव्हे. पुठ्ठ्याचे वेडेवाकडे त्रिकोण कापा, फिरवून ठेवा आणि बाजू मोजायला लावा: तीन सरळ बाजू, मग तो त्रिकोणच.

नक्षीसाठी दसऱ्याचं तोरण: झेंडू, पान, झेंडू, पान. "आता काय येणार?" हे जमलं की झेंडू, झेंडू, पान. मग मुलाला स्वतःची नक्षी ठरवू द्या. ठिपक्यांची रांगोळी चार ठिपके चार ओळी एवढीच काढा, अर्धी तुमची, उरलेली अर्धी मुलाची.

आणि भाकरी. अर्धी, पाव, चतकोर, दीड, अडीच. "चतकोर भाकरी उरलीय, कोण घेणार?" हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला अपूर्णांक पुस्तकात भेटले की ओळखीचे वाटतात. तो शब्द तुमच्या घरातून गेला असेल तर परत आणा.

वाटण्या आणि 'जास्त' कुणाला

एका ताटलीत चार बिस्किटं जवळजवळ ठेवा, दुसरीत चार लांब लांब. चार वर्षांचं मूल बहुधा लांब पसरलेली 'जास्त' म्हणेल. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवलेला हा प्रकार जगभर आढळतो. वाद घालू नका, समजावूही नका. ते आपोआप सुटतं. आमच्याकडे एक बिस्कीट मागितल्यावर मी ते मोडून "घे, दोन" म्हणायचे. जवळजवळ वर्षभर चाललं.

वीसच्या पुढचा घोळ

अकरा, बारा, तेरा या शब्दांत 'दहा' कुठे ऐकू येतो? चिनी भाषेत अकराला सरळ 'दहा-एक' म्हणतात. आपल्याकडे वीसनंतर शब्द उलटे चालतात: पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं, ते कानाशी प्रामाणिक राहून. वर एकोणीस, एकोणतीस, म्हणजे एक कमी वीस, एक कमी तीस. ही रीत ८९ पर्यंत पाळायची आणि ९९ ला नव्व्याण्णव म्हणायचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन सुचवलं गेलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! ते पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जुने शब्द जावेत असं मलाही वाटत नाही, पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे.

घरी एवढंच करा: पाच वर्षांपर्यंत वीसच्या पुढची घाई नको. त्यानंतर आइस्क्रीमच्या काड्या दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवा. दोन जुड्या आणि पाच सुट्या, "वीस आणि पाच, पंचवीस." गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी बांधतानाही दोनदा दहा बाजूला काढा आणि वर एक ठेवा. मूल शाळेत इंग्रजीत आणि घरी मराठीत मोजत असेल तर मोजू दे. तीन लिंबं दोन्ही भाषांत तीनच असतात. एका दमात मात्र भाषा बदलू नका.

काही नकोच अशा गोष्टी

दिवसभर "किती आहेत सांग" ची सरबत्ती नको, मूल दोन दिवसांत पळ काढायला लागतं. एकदा विचारलंत तर तीनदा स्वतः मोजा. चार वर्षांच्या आत अंक गिरवायला लावू नका. बोटांत जोर नसतो आणि ६ उलटा काढला म्हणून काही बिघडत नाही. मोबाइलवरचे मोजणीचे खेळ मी बाजूला ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी पडद्यासमोर तासाभराहून जास्त नको, एक वर्षाच्या मुलाला अजिबात नको. आणि मुलादेखत "मला नाही बाई गणित कधी जमलं" म्हणू नका. विशेषतः आयांनो, मुली ऐकत असतात.

शाळेत जायच्या वयापर्यंत रोज खेळूनही दोन-तीन वस्तू मोजून देता येत नसतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांशी बोला.

संध्याकाळी लपंडाव खेळा आणि राज्य मुलावर येऊ द्या. भिंतीकडे तोंड करून ते वीसपर्यंत मोजेल, पंधराच्या पुढे थेट सतरा म्हणेल. तिथून ओरडून दुरुस्त करू नका, लगेच सापडाल.